सव्वापाचचं पाणी

"चार मिनिटं!" भाची किंचाळलीच. "मामा, अहो, चार मिनिटांत नकार? इतक्या वेळात चहाला उकळी येत नाही!"

हे खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसले होते, साहेबांनी बोलावलं की बसायचे तसे. अकरा वाजून दोन मिनिटांनी अर्ज गेला होता आणि अकरा वाजून सहा मिनिटांनी उत्तर आलं होतं.

"लवकर कळवलं ते बरं झालं," हे म्हणाले. "नाहीतर उगाच वाट बघत बसावं लागलं असतं."

आता अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. सव्वीस वर्षं झाली लग्नाला, पण यांचं डोकं कधी फिरलेलं मी पाहिलं नाही. दोघांच्या वाटचं मीच फिरवून घेते.

हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होते, संगणक कक्षात. चोवीस वर्षं एकाच टेबलावर. तीन महिन्यांपूर्वी ऑफिसने सगळं काम एका खासगी कंपनीला देऊन टाकलं, कक्षाला कुलूप लागलं आणि तिथले सातही जण घरी बसले. यांचं वय एक्कावन्न. निवृत्त व्हायला लवकर आणि नव्याने सुरुवात करायला उशीर, असं अडनिडं. मग त्याच कंपनीची जाहिरात आली. जुनी यंत्रणा सांभाळायला एक माणूस हवा, अर्ज ऑनलाइन करावा, मुदत महिनाअखेर. म्हणजे यांच्याच खुर्चीसाठी यांनीच अर्ज करायचा! स्वतःच्या घराची बेल वाजवून ‘आत येऊ का’ विचारल्यातली गत. तरी मी म्हटलं, करा. त्या खुर्चीत बसण्यालायक दुसरं आहे तरी कोण?

तर चार मिनिटांत नकार.

आम्हाला मूलबाळ नाही. आहे ती ही भाची, माझ्या नणंदेची मुलगी. कॉम्प्युटरवालीच. चार वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या तिने, त्यामुळे नोकरी मागण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

"मामा, तुमचा अर्ज माणसाने वाचलेलाच नाही," ती म्हणाली. "आधी मशीन वाचतं. जाहिरातीतले शब्द तुमच्या माहितीत आहेत का, एवढंच बघतं. नसले की बाहेर."

"मशीनचं कामच ते," हे म्हणाले.

"काय लिहिलंयत तुम्ही? दाखवा बघू."

तिने नोकरीवाल्यांची ती साइट उघडली. वर यांचा फोटो, ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, ‘हा इसम दिसल्यास कळवावे’ छापाचा. खाली एकच ओळ: ‘पाणीपुरवठा विभाग, संगणक कक्ष. दिलेली कामे वेळेत पार पाडली.’

"बास?" भाची म्हणाली.

"वेळेत पार पाडली, हे लिहिलंय ना."

"मामा, तुम्ही नक्की काय करायचात तिथे?"

"कॉम्प्युटरवर असायचो," हे म्हणाले. आणि बाई गं, माझ्या एकदम लक्षात आलं की मलाही ते माहीत नाही. डबा मी भरला, शर्ट मी इस्त्री केले, उशीर झाला की फोन मी केले. पण हा माणूस तिथे जाऊन दिवसभर करतो काय, हे कधी विचारलंच नाही. ‘कॉम्प्युटरवर असतात’ म्हटलं की लोक मान डोलावतात, मीही डोलावली. आणि एरवी मी इतकी चौकस, की समोरच्या बाईच्या पिशवीत काय आहे ते पिशवी न बघता सांगेन! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते यालाच.

भाचीने ओळखलं. जाताना माझ्या हातात एक कागद दिला. "मामी, मुलाखतीत हे प्रश्न हमखास विचारतात. रोज थोडे थोडे विचार त्यांना. खरं काय केलंय ते बाहेर काढ, मग मी नीट लिहिते. आणि सोडू नकोस हं."

सोडते कशाला! मी दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते, एकोणीस वर्षं झाली. पेशंट गालाला हात लावून येतो आणि म्हणतो, काही नाही, जरा दाखवायचंय. कुठला दात, कधीपासून, गार लागतं का, हे सगळं मलाच काढून घ्यावं लागतं. नवरा तर घरचाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, यांना समोर बसवलं आणि चष्मा नाकावर ओढला.

"स्वतःबद्दल सांगा."

यांनी नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगायला लागले.

"पत्ता काय सांगताय? मी तिथेच राहते!"

"तू कंपनीची आहेस ना आत्ता?"

"बरं. तुमचं रोजचं काम काय होतं?"

"देखभाल."

"कशाची?"

"घड्याळाची."

माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं घड्याळ आलं. म्हटलं, चोवीस वर्षं हा माणूस घड्याळाला चावी देत होता की काय! मग हळूहळू, अगदी दाढ काढावी तसं, एकेक बाहेर आलं. ‘घड्याळ’ हे त्यांच्या प्रोग्रामचं ऑफिसातलं लाडकं नाव. गावाचे अठ्ठावीस भाग. प्रत्येक भागाच्या मोठ्या नळाला एक व्हॉल्व्ह. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, टाकीत पाणी कमी असेल तर कोणाचं किती मिनिटांनी कमी करायचं, हे सगळं ते घड्याळ ठरवायचं. आणि घड्याळाला ते शिकवायचे हे.

मी ऐकतच राहिले. "म्हणजे सगळ्या गावाला पाणी तुम्ही सोडायचात?"

"घड्याळ सोडायचं."

"आणि घड्याळाला कोण सांगायचं?"

"सांगितलं जायचं."

"कोणाकडून?"

"आता कक्षात प्रोग्राम लिहिणारा मी एकटाच होतो," हे चोरी पकडल्यासारखे म्हणाले.

मला खरंच अभिमान वाटला. दोन मिनिटं वाटला. मग डोक्यात प्रकाश पडला.

"थांबा. आपल्या गल्लीला पाणी सव्वापाचला येतं."

"हं."

"पहाटे सव्वापाचला. चोवीस वर्षं मी पाचला उठतेय. पलीकडच्या गल्लीला साडेसातला येतं, माणसांच्या वेळेला. ही वेळ कोणी ठरवली?"

यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, सावकाश पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला.

"अठ्ठावीस भाग आहेत. कोणाचा तरी नंबर पहिला लागायचाच."

"मग आपलाच?"

"दुसऱ्या कोणाला दिला असता, तर ते भांडायला आले असते. तुमच्या घरी किती वाजता येतं, म्हणून विचारलं असतं. काय सांगायचं मग?"

त्या दिवसाची मुलाखत तिथेच संपली. मी उठले आणि भांडी अशी काही घासली की शेजारणीने खिडकीतून विचारलं, सगळं ठीक आहे ना. चोवीस वर्षांची माझी सकाळची झोप! आणि शत्रू घरात, शेजारच्या उशीवर, घोरत! दोन दिवस मी यांच्याशी कामापुरतं बोलले. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा उत्सुकता मोठी होती. तिसऱ्या दिवशी मीच परत कागद घेऊन बसले.

"एखादी अडचण सांगा, जी तुम्ही सोडवलीत."

"अडचणी रोजच असायच्या."

"एक सांगा. फार भाव खाऊ नका."

मग टेकडीवरच्या वस्तीची गोष्ट निघाली. तिथल्या लोकांना पाणी यायचं, पण धार करंगळीएवढी. दुसऱ्या मजल्यावर तर थेंब नाही. तक्रारींचा ढीग. सगळे म्हणत होते, नवा पाइप टाका. यांना वाटलं, पाइप बरा आहे, खालचे दोन भाग त्याच वेळी पाणी ओढतात म्हणून वर दाब पोचत नाही. मग हे सहा रविवार सकाळी त्या वस्तीत जाऊन उभे राहिले. कोणाची तरी बादली मागून घ्यायची, नळाखाली धरायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मनगटावरच्या घड्याळात बघायचं. नऊ मिनिटं. मग ऑफिसात जाऊन खालच्या एका भागाची वेळ अकरा मिनिटांनी सरकवायची, पुढच्या रविवारी परत बादली. शेवटी शेवटी बादली अडीच मिनिटांत भरायला लागली. नवा पाइप टाकावाच लागला नाही.

"सहा रविवार," मी म्हटलं. "तुम्ही मला म्हणायचात, फिरायला जातो."

"फिरणंही व्हायचंच. टेकडी होती."

मला हसावं की रडावं कळेना. त्या दिवसांत हे रविवारी पहाटेच बाहेर पडायचे आणि बाहीला पाणी लागलेलं घेऊन यायचे. माझ्या मनात काय काय येऊन गेलं होतं! एकदा तर मी बहिणीला फोन करून म्हटलंही होतं, यांची काही भानगड तर नाही ना. आणि भानगड कोणाशी, तर बादलीशी.

रविवारी भाची आली. मी सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, ते तिने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मामा, एवढं करून तुम्ही लिहिलंत काय, तर दिलेली कामे पार पाडली? अहो, लोक नुसतं बटण दाबलं तरी तीन परिच्छेद लिहितात!"

मग तिने यंत्रणेचं नाव घालून त्या साइटवर शोध घेतला, जाहिरातीला लागणारे शब्द सापडतात का बघायला. आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला.

"मामा, हे कोण?"

पडद्यावर एक गृहस्थ. कोट, मागे काचेची इमारत, हाताची घडी. नावाखाली लिहिलं होतं: ‘शहराच्या पाणी-वेळापत्रक यंत्रणेचे शिल्पकार.’ खाली टेकडीवरच्या वस्तीची गोष्ट. अकरा मिनिटांसकट! त्याखाली शाबासक्यांची रांग.

"अरे वा, उंच साहेब!" यांचा चेहरा उजळला. "चांगले दिसतात की अजून. वजन वाढलंय."

उंच साहेब म्हणजे कक्षातले पहिले इंजिनियर. सुरुवातीला तेच घड्याळ बसवायला आले होते, चौदा महिने राहिले आणि बाहेर मोठी नोकरी मिळाली तसे निघून गेले. पण यंत्रणेत शिरायचा दरवाजा, म्हणजे नाव आणि पासवर्ड, त्यांच्या एकट्याच्या नावाने उघडलेला होता. नवीन नाव घालायचं तर मुख्य ऑफिसकडून चार सह्यांचं पत्र लागायचं. यांनी एकदा पाठवलं होतं. तीन सह्या झाल्या आणि चौथ्या साहेबांची बदली झाली. कागद परत आला. मग कोणी नाद केला नाही. रोज सकाळी हे उंच साहेबांच्या नावाने आत शिरायचे आणि संध्याकाळी त्यांच्याच नावाने बाहेर पडायचे. कक्षात त्यावर विनोद चालायचा, आपले उंच साहेब एक दिवस रजा घेत नाहीत म्हणून.

"म्हणजे," भाची हळूच म्हणाली, "तेवीस वर्षं तुम्ही जे जे लिहिलंत, त्या प्रत्येक ओळीसमोर यांचं नाव आहे?"

"यंत्रणेच्या दृष्टीने, हो."

"आणि टेकडीचं यांना कसं कळलं?"

"नोंदवहीत सगळं लिहिलेलं असायचं. त्यांच्याच नावावर दिसतं, त्यांनी उघडून बघितलं असेल. खोटं नाही तसं. पाया त्यांनीच घातला."

"त्यांच्या हातच्या किती ओळी उरल्यात आज?" मी विचारलं.

यांनी छताकडे बघून हिशेब केला. "सव्वाशे असतील."

"एकूण किती?"

"एक्केचाळीस हजार."

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. हा तर बिळात न येता, लांबून फणा काढून बसला होता! मी त्या शाबासक्यांच्या खाली जे लिहायला निघाले होते ते इथे सांगत नाही. भाचीने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"मामी, त्याने मामांचा फायदा होणार नाही. आपण आपलं लिहू. जे केलं ते, जसं केलं तसं."

दुपारभर बसून तिने यांचं पान नव्याने लिहिलं. अडचण काय होती, यांनी काय केलं, फरक काय पडला. नऊ मिनिटांची बादली अडीच मिनिटांवर. अठ्ठावीस भाग. एकही मोठा शब्द नाही. हे प्रत्येक वाक्याला अडवायचे. "‘उभारली’ नको. ‘सांभाळली’ लिही." मग फोटो. खिडकीजवळ उभं करून तिने चाळीस फोटो काढले, चाळीसही राष्ट्रगीताला उभे राहिल्यासारखे. शेवटी मी मागून म्हटलं, "बादली भरली का हो?" आणि हे वळून हसले. तोच फोटो लावला.

अर्ज परत पाठवला, आणि या खेपेला चार मिनिटांत काही आलं नाही. चार तासांतही नाही. दोन दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं! मी काउंटरवर बसल्या बसल्या एका पेशंटला दोनदा नंबर दिला.

मुलाखत सकाळी अकराला, घरूनच, लॅपटॉपवर. मी अर्धी रजा टाकली. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खाली पॅन्टही इस्त्रीचीच. भाची म्हणाली होती खालचं दिसत नाही, पण हे म्हणाले, आपल्याला माहीत असतं ना. मी स्वयंपाकघराच्या दाराआड स्टुलावर बसले. कुकर लावला नाही, मिक्सर लावला नाही, खोकला आला तर पदर तोंडात.

समोर दोघं होते, एक मुलगी आणि एक दाढीवाला, दाराच्या फटीतून तेवढंच दिसलं. आवाजावरून दोघंही तिशीच्या आतले. चांगले होते हो, नम्र होते. यांनी स्वतःबद्दल सांगितलं, पत्ता न देता. घड्याळाबद्दल सांगितलं, टेकडीबद्दल सांगितलं. मुलीने विचारलं, बादलीची युक्ती कोणी सुचवली? हे म्हणाले, "कोणी नाही. दाब मोजायचं यंत्र ऑफिसात नव्हतं." ती मनापासून हसली. माझा जीव भांड्यात पडला.

मग दाढीवाला म्हणाला, "सर, यंत्रणा आता आमच्याकडेच आहे. आम्ही जुने बदल बघितले. सगळे एकाच नावाने आहेत, आणि ते नाव तुमचं नाही."

यांनी चार सह्यांची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांचा आवाज खाली खाली गेला. स्वतःचीच गोष्ट, पण सबब दिल्यासारखी वाटायला लागली.

"समजू शकतो," तो म्हणाला. "पण आम्हाला कोणाकडून तरी हे पक्कं करून घ्यावं लागेल. तांत्रिक माणूस हवा, कामाची माहिती असलेला. कोणाला विचारू?"

कक्षातले बाकीचे सहा म्हणजे कोणी कागद सांभाळणारा, कोणी फोन घेणारा. यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "उंच साहेबांनाच विचारा ना. त्यांना सगळं माहीत आहे."

मी स्टुलावरून पडायची बाकी होते.

ते दोघं गेल्यावर मी बाहेर आले. "अहो, चोरालाच साक्षीला बोलावलंत?"

"चोर काय म्हणतेस? फोटोतला तो गुळगुळीतपणा सोड. माणूस चांगला होता. मला प्रोग्राम लिहायला त्यांनीच शिकवलं. सरळ विचारलं तर सरळ सांगतील."

नऊ दिवसांनी पत्र आलं. तीन ओळी. तुम्ही वेळ दिल्याबद्दल आभार. तुम्ही सुचवलेल्या व्यक्तीकडून आपल्या तांत्रिक कामाला दुजोरा मिळाला नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

यांनी ते दोनदा वाचलं. "विसरले असतील," म्हणाले. "खूप वर्षं झाली." आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. मी कितीतरी वेळ त्यांची पाठ बघत होते. त्या दिवशी ती पाठ पहिल्यांदा ताठ नव्हती. मला फार वाईट वाटलं, रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

दुजोरा पाहिजे काय यांना! मी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, त्या साइटवर माणसाबद्दल शिफारस लिहिता येते, ती पानावर कायम दिसते, पुढच्या ठिकाणी अर्ज करताना उपयोगी पडेल. "पण मामी, घरच्यांनी लिहिलेलं चालत नाही गं. हसतात लोक."

"घरची म्हणून कोण लिहितंय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दुपारच्या सुट्टीत मी त्या साइटवर माझं खातं उघडलं. साइटने विचारलं, तुम्ही या व्यक्तीला कशा ओळखता? पर्याय दिले होते: वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे, ग्राहक. बायको नव्हतंच. मी ‘ग्राहक’ निवडलं. खोटं काय त्यात? नळ माझ्या घरात आहे. मग लिहिलं:

‘मी या गृहस्थांच्या पाण्याची चोवीस वर्षांची ग्राहक आहे. आमच्या गल्लीला पहाटे सव्वापाचला पाणी येतं. ही वेळ मला मुळीच पसंत नाही. पण ती चोवीस वर्षांत एकदाही चुकली नाही. मी नळाला पाणी आलं की भिंतीवरचं घड्याळ लावते. हे काम यांनी केलं, दुसऱ्या कोणी नाही. मला ते उशिरा कळलं.’

पाठवून दिलं. मग भाचीकडून कळलं की ते आपोआप दिसत नाही. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी जातं, त्याने ‘दाखवा’ म्हटलं तरच लोकांना दिसतं. झालं! मी म्हटलं, आता हे काही दाखवत नाहीत. संध्याकाळी घरी हे काही बोलले नाहीत. मीही मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन वाजला. ‘आपण लिहिलेल्या शिफारशीत दुरुस्ती सुचवण्यात आली आहे.’ खाली यांनी लिहिलं होतं, ऑफिसात लिहावं तसं:

‘वेळ एकदाही चुकली नाही, हे विधान बरोबर नाही. तीनदा चुकली. दोन वेळा वीज गेल्यामुळे. एक वेळा माझ्या चुकीमुळे. कृपया दुरुस्ती करावी.’ पुढे तिन्ही तारखा.

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने एखादी गोष्ट स्वतःच्या नावावर लावून घेतली, तर ती ही! मी मनातल्या मनात हात जोडले. मग तिसरी तारीख नीट वाचली.

नऊ वर्षांपूर्वीची तारीख. मला पाठ आहे ती. आदल्या संध्याकाळी सासूबाईंना ऑपरेशन करून दवाखान्यातून घरी आणलं होतं. पहाटे त्यांचं अंथरूण बदलायचं, अंग पुसायचं, सगळं पाण्यावर अडलेलं. आणि सव्वापाचला नळ कोरडा. साडेपाच झाले, सहा झाले. गल्लीतल्या सगळ्या बाया बाहेर आल्या. आणि मी मधोमध उभी राहून, सगळ्या गल्लीच्या देखत, पाणी सोडणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली होती. ज्याने कोणी हे केलं त्याच्या घरात असंच आजारी माणूस असू दे, म्हणावं, मग कळेल त्याला. हे माझ्या मागेच होते. हातात रिकाम्या बादल्या घेऊन. मला अजून आठवतंय, मी वळून शेजारणीला म्हटलं होतं, बघा हो, या बिचाऱ्यांना आता लांबून पाणी वाहावं लागणार.

संध्याकाळी घरी गेले तर हे लॅपटॉपवर कुठल्याशा दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरत होते. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"ती तिसरी तारीख," मी म्हटलं.

"हं. एक शून्य जास्त पडलं होतं. दवाखान्यातून आल्यावर ऑफिसात गेलो होतो, घाईत."

"मी काय काय बोलले होते त्या दिवशी."

"ऐकलं होतं."

"अहो, मग तेव्हाच सांगितलं का नाहीत?"

यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दुःखानेही नाही. कोणी किती वाजले विचारावं आणि सांगावं, तसे म्हणाले, "आईचं व्हायचं होतं ना सगळं. पाणी भरायचं होतं."

मी त्यांच्याशेजारी बसले. मग फोन काढला आणि दुरुस्ती केली. तीनदा चुकली, दोनदा विजेमुळे, एकदा यांच्यामुळे, असं तारखांसकट लिहिलं. आणि त्यापुढे माझ्या मनाने एक वाक्य घातलं: ‘त्या दिवशी यांनी पलीकडच्या गल्लीतून चौदा बादल्या आणल्या, आमच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या.’

यांनी वाचलं. "बादल्यांचं कशाला?"

"तुम्हाला काय करायचंय? ते ग्राहकाचं मत आहे."

यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. सगळं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, काही चुकलंय का बघत. मग ‘दाखवा’वर बोट टेकवलं आणि अर्ज भरायला लागले.